दशांशचिन्हापलीकडचं दुःख

सोलापुरात जूनमध्ये दोनच आकड्यांची चौकशी होते. उजनी धरण किती टक्के, आणि पोरीला पर्सेंटाइल किती. त्यातल्या त्यात उजनीचं बरं. ती उणे वीसवर गेली तरी पार्क चौकात कुणी तिच्या बापाला अडवत नाही.

आमच्या कन्येला एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सत्त्याण्णव पूर्णांक काहीतरी पडले. काहीतरी म्हणजे दशांशचिन्हापुढे सात आकडे. ते सातही मला माझ्या मोबाइल नंबरपेक्षा चांगले पाठ आहेत. आईने फक्त सत्त्याण्णव एवढंच ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली. मी समजवायला बसलो, "आई, हे मार्क नाहीत. मार्क दोनशेपैकी असतात. हिच्या शिफ्टला जेवढी पोरं बसली, त्यांतली शंभरातली सत्त्याण्णव हिच्या बरोबरीला नाहीतर खाली, असा त्याचा अर्थ."

"मग वर तीनच राहिली की!"

हिशोब बिनचूक होता. पण परीक्षेला तीन-चार लाख पोरं बसतात. त्यामुळे आईच्या त्या तिघांचे नऊ ते बारा हजार होतात, आणि त्या सगळ्यांना पुण्यालाच जायचं असतं. पुण्याला म्हणजे सीओईपीला. १८५४ सालापासून उभं असलेलं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथल्या कॉम्प्युटर ब्रँचला खुल्या गटातून साडेनव्याण्णवच्याही वर लागतात. सत्त्याण्णवाला तिथं कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही.

मग मी पेपराकडे वळलो. भौतिक आणि रसायनचा प्रश्न एका मार्काचा, गणिताचा दोन मार्कांचा, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. त्यामुळे येत नसेल तिथंही तुक्का मारून यायचाच. कन्येने गणितात शेवटी चार ठिकाणी डोळे मिटून 'सी' टिचकावला होता. 'बी' का नाही टिचकावला? रात्री दोन वाजता, लाइट गेलेली, घामाने गंजी चिकटलेली, आणि मी बंद पंख्याकडे बघत चारही प्रश्नांना 'बी' लावून पाहतोय. पर्याय काय होते ते मला माहीत नव्हतं, पण त्याने काही अडलं नाही. ज्या बाईसाहेबांचा प्रश्न, त्या शेजारच्या खोलीत घोरत होत्या.

पहाटे सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारायला जावं, तर तिथं निम्मे बाप सीईटीचेच. वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर वेगवेगळे, म्हणून तर ही पर्सेंटाइलची भानगड. अवघड पेपरवाल्याचं नुकसान होऊ नये, हा त्यामागचा विचार. तरीही प्रत्येकाच्या पोराची शिफ्टच अवघड होती. सोप्या शिफ्टचा बाप मला अजून भेटायचाय.

"काय मालक, वालचंद तरी मिळेल की?"

"कुठलं?"

हे विचारावंच लागतं. शेठ वालचंद हिराचंद जन्मले आपल्या सोलापुरात, १८८२ साली. पण त्यांच्या नावाचं एक कॉलेज इथं, एक सांगलीला. सांगलीचं म्हटलं की समोरचा भुवया उंचावून "वा!" म्हणतो. इथलं म्हटलं की "बरंय, घरचा डबा मिळेल" म्हणतो. पोरगी घरी राहिली तर फी सोडून बाकी सगळं वाचतं, हा मुद्दा तलावाच्या कडेला कुणाला पटत नाही. मला स्वतःला तो फार पटतो, पण मी बोलत नाही.

कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म आला तेव्हा तर दुकानाकडे माझं लक्षच उरलं नाही. कॉलेज-ब्रँचचे तीनशेपर्यंत पर्याय पसंतीच्या क्रमाने भरता येतात. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला, तर तोच घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे एक नंबरला काय टाकायचं हा मुहूर्ताचा प्रश्न. उधारीची जुनी खतावणी काढून मी डावीकडे गेल्या वर्षीचे कटऑफ निळ्या शाईने आणि उजवीकडे यंदाचा अंदाज लाल शाईने मांडला. मध्येच गिऱ्हाइकाने विचारलं, "टॉवेल डझन कसा दिला?" मी म्हणालो, "शहाण्णव पूर्णांक आठ." तो म्हणाला, "पंच्याण्णव करा."

रोज रात्री क्रम बदलायचा. सांगली वर, पुण्यातलं अमुक खाली. मग ब्रँच महत्त्वाची की कॉलेज, या वादात बायकोने मत दिलं, "अहो, जिथं मुलींचं हॉस्टेल जेवणाखाणाला बरं, तिथं घाला." तो रकाना माझ्या खतावणीत नव्हता. आखून घेतला.

एका सकाळी लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड चुकीचा.

"बाबा, मी काल फॉर्म लॉक केला," कन्या शेंगाचटणीत दही कालवत म्हणाली. "आणि पासवर्डही बदलला."

"एक नंबरला काय टाकलंस?"

"कळेल की."

दिवसभर गल्ल्यावर नुसता बसून राहिलो. संध्याकाळी शेजारचा पोरगा आला. ब्याण्णव पडलेत, वडिलांना यातलं काही कळत नाही, म्हणाला. "काका, जरा बघता का?"

मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि खतावणीचं कोरं पान काढलं.

"आधी सांग, तुझी शिफ्ट कुठली होती?"

"अवघड होती, काका."