टेबलाखालचा मंद्र

आमच्या कॉम्प्युटरचा डावा स्पीकर गेल्या दिवाळीपासून रुसला होता. त्याची वायर एका ठराविक कोनात वाकवून तिच्यावर रुखवतातली पितळी गाय ठेवली, तरच तो बोलायचा. सौ.ची ऑफिसची मीटिंग चालू असताना कुणी गाय हलवली, की तिचे साहेब एकदम उजव्या कोपऱ्यात जाऊन बोलायला लागायचे.

"नवीनच घेऊन टाकू," असं मी एका रविवारी पोहे खाताना बोलून गेलो. तिथेच फसलो. घरात स्पीकर एक आणि कान चार जोड्या. मुलाला गेममधला बॉम्ब छातीत फुटायला हवा होता. सौ.ला टेबलावरची जागा मोकळी हवी होती. मला हे सगळं तीन हजारांत हवं होतं. आणि बाबांना ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब हवे होते.

बाबा विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. इंदूरच्या रामबागेतल्या या घरात त्यांच्या लेखी भरवशाच्या गोष्टी दोनच: खाँसाहेबांचा विलंबित ख्याल आणि पन्नास सायकलचा, म्हणजे पन्नास हर्ट्‌झचा, करंट. खाँसाहेब १९७४ साली गेले, पण आमच्याकडे रोज संध्याकाळी सातला येतात आणि साडेआठपर्यंत बसतात.

मी चार रात्री जागून अभ्यास केला आणि टू पॉइंट वन घ्यायचं ठरवलं. म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खोल स्वरांसाठी एक सबवूफर.

"पॉइंट वन म्हणजे दशांशच ना?" सौ.ने फोटो बघून विचारलं. "मग तोच एवढा घमेल्याएवढा का?"

याला उत्तर नाही. पण खोल स्वर कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे ते धूड टेबलाखाली ढकललं तरी चालतं, हे मी सांगितलं. चाळीस हर्ट्‌झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, आमचा हॉल तेवढा नाही. भौतिकशास्त्र आणि सौ. यांचं एखाद्या फर्निचरबाबत एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

जेल रोडला गेलो. बरोबर बाबा. दुकानदाराने खोका काउंटरवर आपटला. त्यावर ज्वाळा, एक चित्ता आणि "३००० वॅट पीएमपीओ".

बाबांनी चष्मा लावला. "तीन हजार? आपला गीझर दोन हजारांचा आहे. हे चालू केलं तर रामबागेचे दिवे मिणमिणतील." मग त्यांनी वूफर उताणा केला आणि मागचं बोटभर लेबल वाचलं. "पॉवर कन्झम्प्शन, चाळीस वॅट. चाळीस घेतो आणि तीन हजार देतो. चाळीस वर्षं मंडळात काढली, असं यंत्र एकदाही बघितलं नाही."

"अंकल, वो पीक रहता है," दुकानदार म्हणाला. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या जोराचा फुगवलेला आकडा, बाबांना पटण्यासाठी छापलेला नसतोच. खरा आकडा आरएमएस, सतत दम धरून जेवढं गाता येतं तेवढा, आणि तो शोधायला भिंग लागतं. मग त्याने मला बाजूला घेऊन चाळीसऐवजी साठ वॅटचा सेट दाखवला, बाराशे रुपये जास्त. मी रात्रीचा अभ्यास आठवला: वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दसपट लागतात. म्हणजे बाराशे रुपयांत पुरते दोन डेसिबलही नाहीत. तेवढा फरक सौ. नुसतं "अहो" म्हणते त्याच्या सुरातच असतो.

"भिया, पहले बेस तो देखो," म्हणत त्याने डेमो लावला. आपल्या इंदुरात पोह्यांवर शेव पडते तसा त्या गाण्यावर बेस पडत होता; खाली पोहे आहेत की नाहीत ते कळायला मार्ग नव्हता. काउंटरची काच थरथरली. शेजारचं गिऱ्हाईक खूश झालं.

बाबांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

मी डोळे मिटले. राग दरबारी, विलंबित झुमरा ताल. चौदा मात्रांचं एक आवर्तन संपायच्या आत जेल रोडवर माणूस मोबाइल घेऊन, कव्हर लावून, घरी पोचतो. दुकानदाराला वाटलं पेन ड्राइव्ह अडकला. त्याने दोनदा काढून लावला. प्रत्येक वेळी बाबा म्हणाले, "पहिल्यापासून." मागे रांग लागली. तिसऱ्या वेळी खाँसाहेब समेवर आले, बाबांची मान हलली, आणि दुकानदाराने "अंकल, ढाई हजार, ले जाओ" म्हणून तो चाळीस वॅटचा सेट स्वतःच पिशवीत भरला. घासाघीस न करता पाचशे रुपये कमी झाले. संगीतात ताकद आहे असं म्हणतात ते यालाच.

घरी आल्यावर वूफर टेबलाखाली, कोपऱ्यात. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून बेस आणखी फुगतो, हे मी वाचलं होतं, पण सौ.ने झाडू कुठपर्यंत जातो ते बघून जागा ठरवली होती. मुलाचा पहिला बॉम्ब फुटला आणि शोकेसमधल्या अत्तरदाणीचं झाकण पडलं. दुसऱ्याला स्वयंपाकघरात वाट्या किणकिणल्या. घरातली कुठली वस्तू सैल आहे याची यादी दहा मिनिटांत तयार झाली.

सात वाजता खाँसाहेब आले. बाबा पाच मिनिटं ऐकत राहिले. मग वाकून टेबलाखाली बघितलं.

"अरे, हे खाली का जातायत?"

खरंच जात होते. त्या बोटभर स्पीकरांना पुरुषाचा भरदार आवाज झेपत नाही, म्हणून स्वस्तातला सेट खर्जाच्या बरोबर गळ्याचाही बराच भाग वूफरकडे ढकलतो. आणि तेवढ्या उंचीचा आवाज कुठून येतो ते कानाला बरोबर कळतं. माझं भौतिकशास्त्र इथे आपटलं. ज्यांच्या मंद्रासाठी, म्हणजे खालच्या सप्तकासाठी, लोक जीव टाकायचे, ते खाँसाहेब मंद्रात उतरले की टेबलाखाली जायचे आणि मध्य सप्तकात आले की पुन्हा की-बोर्डशेजारी. जिन्यावर गातायत असं वाटत होतं.

"आणि रेकॉर्डमधले तानपुरे जुळलेत," बाबा पुढे म्हणाले. "हा आणखी एक कुणाचा? पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर लावलाय."

मी गाणं बंद केलं. तानपुरा चालूच राहिला. बाबांनी वूफरला कान लावला आणि जुना सहकारी भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला. "पन्नास सायकल! अरे, हा आपल्या मंडळाचा!"

कॉम्प्युटर एका भिंतीच्या बोर्डावर, वूफर समोरच्या. दोघांना अर्थिंग दोन वाटांनी, आणि मध्ये आवाजाची वायर. त्या वेटोळ्यात मेन्सची गुणगुण शिरते. बाबांनी दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले. तानपुरा गेला. चार दिवसांनी वूफर कोपऱ्यातून बाहेर ओढून जुन्या गोधडीवर बसवला, मागची बेसची खुंटी पाव आकड्यावर आणली, तेव्हा खाँसाहेब बऱ्यापैकी एका जागी बसले. सौ.चा झाडू आता वळसा घालून जातो आणि त्याबद्दल मी रोज ऐकतो, तेही कुठल्याही स्पीकरशिवाय.

सहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मी दारातच माफी मागायला सुरुवात केली.

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. "चार दिवस मला छतातून नुसता डग्गा ऐकू येत होता. झुमरा आहे एवढं कळलं, पण वर गातंय कोण ते कळेना. आणि कालपासून तुम्ही तोही बंद केलात."

बाबांनी खुर्ची पुढे सरकवली. सात वाजत आले होते.