तिला वीस पडले होते

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितोय.

माझी मामेबहीण अकरावीत आहे. काल पहिल्यांदा आमच्यात डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसली. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि गोष्ट सांगत, फासे टाकत खेळायचं, असा हा खेळ. दोन आठवडे ती आपलं पात्र तयार करत होती. क्लेरिक, म्हणजे देवतेच्या कृपेने शक्ती मिळालेली. त्या देवतेचं नाव, तिचं चिन्ह, पात्राचं गाव, गाव का सोडलं त्याची गोष्ट, सगळं वहीत लिहून आणलं होतं. दोन तास गप्प बसून आमचं बघत होती. मग गुहेत एका गोब्लिनशी, म्हणजे छोट्या राक्षसाशी, पहिली लढाई लागली आणि तिची पाळी आली. वही उघडून ती म्हणाली, "मी सेक्रेड फ्लेम टाकते," (हा तिचा एक स्पेल, म्हणजे मंत्र) आणि वीस बाजूंचा फासा सोडला.

वीस पडले.

ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना सांगायला नको काय झालं असेल. आम्ही सगळे ओरडलो. एकाच्या हातातला चहा सांडला. आयुष्यातलं तिचं पहिलं दान आणि वीस! तिचा चेहरा मी विसरणार नाही. आणि मग डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि राक्षसांच्या बाजूने खेळणारा, म्हणाला, "अगं थांब, थांब. हा सेव्हिंग थ्रोवाला स्पेल आहे. यात फासा तू नाही टाकायचास, गोब्लिन टाकणार." सेव्हिंग थ्रो म्हणजे ज्याच्यावर स्पेल पडतो त्याने वाचण्यासाठी टाकायचा फासा. डीएमने गोब्लिनसाठी पडद्यामागे फासा टाकला. चौदा. गोब्लिनच्या चपळाईचे वरचे दोन, एकूण सोळा. वाचायला त्याला लागत होते तेरा. गोब्लिन वाचला, नुकसान शून्य, पाळी संपली.

"दादा, मग माझे वीस?"

काय सांगणार होतो मी तिला? आपल्याकडे सारीपाटावर एकदा दान पडलं की पडलं, ते कुणी उचलून घेत नाही. इथे भर टेबलावर पडलेलं दान आम्ही त्या पोरीकडून काढून घेतलं, आणि नियमाने बघायला गेलं तर डीएम बरोबर होता. संताप याचाच आहे. चूक डीएमची नव्हती, तिची तर नव्हतीच. चूक नियम ज्या पद्धतीने लिहिलेत त्याची आहे.

नियमांच्या पुस्तकात प्रत्येक स्पेलच्या डोक्यावर माहितीच्या ओळी असतात. टाकायला किती वेळ लागतो, किती लांब जातो, सामग्री काय लागते, किती वेळ टिकतो. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं हे त्या ओळींत लिहिलंय. वटवाघळाची विष्ठा! पण फासा कुणी टाकायचा, हे त्या ओळींत नाही. ते खाली परिच्छेदाच्या पोटात, एका वाक्याच्या मध्ये कुठेतरी. जी गोष्ट टेबलावर बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी लागते, ती सगळ्यात आत दडवलेली. हे करता येत नाही असं नाही हो. याच खेळाच्या अधिकृत डिजिटल यादीत प्रत्येक स्पेलला 'अटॅक/सेव्ह' असा वेगळा रकाना आहे. म्हणजे लोकांना काय लागतं हे कळलेलं आहे! मग छापील पुस्तकात का नाही? २०१४ च्या पुस्तकात नव्हतं, एक वेळ समजून घेऊ. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, नवं पुस्तक काढलं. त्यातही नाही.

आणि गोंधळ काय आहे ते नीट बघा. तिच्याच यादीत गाइडिंग बोल्ट नावाचा दुसरा स्पेल आहे. तोही प्रकाशाचा, तोही लांबून टाकायचा, तोही त्याच देवतेचा. त्याला फासा ती टाकते. तिचे शहाणपणाचे, म्हणजे विज्डमचे, तीन आणि प्रोफिशियन्सीचे, म्हणजे सरावाचे, दोन, असे पाच मिळवून गोब्लिनच्या आर्मर क्लासशी, म्हणजे त्याला लागण्यासाठी गाठायच्या आकड्याशी, पंधराशी तुलना. सेक्रेड फ्लेमला तेच तीन आणि तेच दोन, पण त्यात आठ मिळवून तेरा हा आकडा तयार करायचा, आणि तो गाठण्यासाठी फासा गोब्लिनने टाकायचा. हिशोब करून बघितला तर पहिल्यात लागण्याची शक्यता ५५ टक्के आणि दुसऱ्यात ५०. म्हणजे एवढा उलटासुलटा कारभार करून फरक किती? फाशाच्या एका बाजूचा! त्या एका बाजूसाठी पोरीच्या हातातला फासा काढून घेतला.

तिची समजूत काय झाली होती ते मला नंतर कळलं. आम्ही पुस्तक इंग्रजीत वाचतो आणि खेळतो मराठीत. सेव्ह म्हणजे वाचवणं. थ्रो म्हणजे टाकणं. "मी क्लेरिक, वाचवणं माझं काम, म्हणून मला वाटलं मीच टाकायचा." मला सांगा, यात चुकीचं काय आहे? शब्दांचा अर्थ जो होतो तोच तिने घेतला.

लोक म्हणतील, जुना खेळ आहे, परंपरा आहे. आहे ना, मला माहीत आहे. सेव्हिंग थ्रो १९७४ च्या, खेळाच्या पहिल्या पेटीपासून आहे. विष, ड्रॅगनचा श्वास, दगड होणं अशा संकटांतून निसटायची ती शेवटची संधी होती, आणि कमीत कमी किती पडायला हवं ते तक्त्यात बघायचं. छान कल्पना होती. मरणाच्या दारात उभ्या असलेल्याच्या हातात फासा द्यायचा, यात न्याय आहे. पण काल गोब्लिनच्या हातात फासा दिला, त्यात कुणाला काय मिळालं? आणि परंपराच म्हणाल, तर २००८ च्या चौथ्या आवृत्तीत हा प्रश्न सोडवलेला होता. जो हल्ला करतो तो फासा टाकतो, तलवार असो की मंत्र. समोरच्याची चपळाई, मन, शरीर यांचे आकडे ठरलेले, ते गाठायचे. एक ओळीचा नियम. त्या आवृत्तीत बाकी लोकांना जे नाही आवडलं ते नाही आवडलं, पण ही एक गोष्ट सरळ होती. २०१४ मध्ये तीही मोडून टाकली.

बरं, निदान एकदा ठरवलं की ठरवलं असं तरी असावं. तेही नाही! इन्फ्लिक्ट वूंड्स घ्या. जुन्या पुस्तकात तो हात लावून करायचा हल्ला आहे, फासा तुम्ही टाकता. नव्या पुस्तकात समोरचा सेव्ह टाकतो. काउंटरस्पेल घ्या. जुन्यात मोठा स्पेल अडवायचा असेल तर अडवणाऱ्याने फासा टाकायचा, आणि तो ना अटॅक ना सेव्ह, तिसराच प्रकार, अॅबिलिटी चेक. नव्यात ज्याचा स्पेल अडवलाय त्याने टाकायचा. नाव तेच, स्पेल तोच, फासा दुसऱ्याच्या हातात. आमच्या डीएमकडे जुनं पुस्तक आहे, एका मित्राने नवं घेतलंय. दर रविवारी एकदा तरी दोघं आपापलं पान उघडून समोरासमोर धरतात, आणि दोघंही बरोबर असतात.

वीस पडले की काय होतं, यावरही एकमत नाही. अटॅकला वीस पडले की लागतंच, वर क्रिटिकल, म्हणजे जास्त नुकसान. सेव्हला वीस पडले तर २०१४ च्या नियमाने ते नुसते वीस, बाकी बेरीज करून बघा. पण मरणाच्या सेव्हला, म्हणजे मरता मरता वाचायला टाकायच्या फाशाला, वीस पडले तर माणूस उठून बसतो. एकच फासा, एकच आकडा, तीन अर्थ.

मरणावरून आठवलं. यापेक्षा वाईट गोष्ट माझ्याच पात्राची झाली आहे, आणि ती मी अजून विसरलेलो नाही. वर्षभर खेळवलेला माझा फायटर, म्हणजे लढवय्या, जीवाचे आकडे संपून शून्यावर येऊन जमिनीवर पडला होता. शत्रूच्या जादूगाराने त्याच्यावर मॅजिक मिसाइल सोडलं. तीन बाण, तिन्ही त्याच्यावर, फासा न टाकता लागणारे. नियम असा, की शून्यावर असताना कोणतंही नुकसान झालं की मरणाच्या बाजूने एक खूण, आणि तीन खुणा झाल्या की संपलं. आता सांगा, तीन बाण म्हणजे तीन वेळा नुकसान की एकदा? पुस्तक म्हणतं, सगळे बाण एकाच क्षणी लागतात. मग एकदा? पण बाण तर तीन आहेत, वेगवेगळ्या लोकांवरही सोडता येतात. मग तीनदा? नुकसानाचा फासा एकच टाकायचा की तीन, यावरही लोक आजतागायत भांडतायत. चाळीस मिनिटं आम्ही वकिलांसारखे पान चाळत बसलो. शेवटी तीनदा असं ठरलं आणि तो मेला. फाशाने मारला असता तर मी मान खाली घालून नवं पात्र काढलं असतं. तो 'एकाच क्षणी' या शब्दांचा अर्थ लावण्यात मेला. तसा मेलेला कुणालाच पचत नाही, मारणाऱ्या डीएमलाही नाही. त्या रात्री त्याने फोन करून माफी मागितली. त्याने का मागावी?

"डीएम ठरवेल तो नियम" असं जे सरसकट सांगतात त्यांच्यावर तर माझा सगळ्यात जास्त राग आहे. आमचा डीएम आठवडाभर नोकरी करतो. शनिवारी रात्री जागून नकाशे काढतो, दहा राक्षसांचे आवाज काढतो, पाच जणांच्या पाच गोष्टी डोक्यात ठेवतो. लिहिणाऱ्यांनी अर्धवट सोडलेला नियमही आता त्यानेच पुरा करायचा? आणि एका पोरीचे वीस काढून घेण्याचं पाप त्याच्याच माथी?

'लेव्हल' या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको. पात्राची लेव्हल, म्हणजे ते किती पुढे गेलंय, वेगळी, स्पेलची लेव्हल, म्हणजे त्याची ताकद, वेगळी. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल मिळत नाहीत, ते पाचव्या लेव्हलला मिळतात. १९७८ च्या पुस्तकात खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने स्वतः लिहून ठेवलंय, की पात्राला 'रँक' आणि स्पेलला 'पॉवर' असे वेगळे शब्द वापरायचा विचार झाला होता. विचार झाला होता! तेव्हापासून प्रत्येक नवीन माणूस हाच प्रश्न विचारतोय, आणि प्रत्येक टेबलावर कुणीतरी तेच उत्तर पुन्हा देतोय.

आज दुपारी मी तिची स्पेलची यादी घेऊन बसलो. प्रत्येकापुढे पेन्सिलीने लिहिलं. गाइडिंग बोल्ट: तू. सेक्रेड फ्लेम: समोरचा. बेन: समोरचे, प्रत्येकाने वेगळा. ब्लेस: वीसचा फासा कुणीच नाही, पण ज्यांना आशीर्वाद दिलास त्यांनी नंतर अटॅक किंवा सेव्ह टाकला की चारचा फासा वर मिळवायचा. इन्फ्लिक्ट वूंड्स: जुन्या पुस्तकाने तू, नव्याने समोरचा, खेळायच्या आधी विचार. अर्ध्या तासात झालं सगळं. अर्ध्या तासाचं काम! फोटो काढून तिला पाठवला.

तिचं उत्तर आत्ता आलं. "थँक्यू दादा. पण पुढच्या रविवारी मी फायटर घेऊ का? तलवारीला फासा मीच टाकायचा असतो ना?"

हो. तूच टाकायचा असतो.