मी उजवाच आहे, पण गंभीरा पुलाचं काय?

आमच्या बडोद्याजवळचा हा पूल 2025 मध्ये पडला, त्यावर शेवटी येतोच, पण आधी ट्रम्पचं घेऊ. 2025 मध्ये 27 ऑगस्टपासून आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लागलं, त्यातल्या 25 टक्क्यांचं कारण काय तर आपण रशियाचं तेल घेतो. चीन आपल्यापेक्षा जास्त घेत होता, युरोप रशियाचा गॅस जाळत होता, त्यांना हा जादा दंड नव्हता, आणि जूनमध्ये पाकिस्तानचा लष्करप्रमुख त्या मुनीरला व्हाइट हाउसमध्ये बोलावून जेवू घातलं. ट्रम्प निवडून आला तेव्हा आपल्यातलेच काहीजण पेढे वाटायचे बाकी होते, मला नावानिशी आठवतात. अरे तो त्याच्या देशाचं बघणार, आपण आपलं बघायचं. तेव्हा दबाव आला तरी शेती आणि डेअरी अमेरिकेला उघडून दिली नाही हे मला शंभर टक्के पटतं, अमूलच्या राज्यात राहून नाही पटलं तर कसं चालेल. पण इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ज्याचा माल अमेरिकेला जातो त्याला भाषण ऐकवून उपयोग नाही, व्हॉट्सॲपवरचा स्वाभिमान बँकेच्या हप्त्यात भरता येत नाही, त्याला दुसरं मार्केट शोधून द्यायला सरकारनं धावपळ केली पाहिजे.

ऑपरेशन सिंदूरवर सगळ्यांचं लिहून झालंय. पहलगामला 26 माणसं मारल्यावर नुसता निषेध न करता 9 अड्डे उडवले, छाती भरून आलीच. तरी मला विचाराल तर त्याहून मोठा निर्णय सिंधू पाणीवाटप कराराचा आहे, 1960 पासून तीन-तीन युद्धं झाली तरी ज्याला कुणी हात लावला नव्हता तो स्थगित केला. फक्त पाकिस्तान तहानेनं मेला वगैरे फॉरवर्ड पाठवू नका प्लीज, ते पाणी अडवायला आपल्याकडे अजून पुरेशी धरणंच नाहीत, ती बांधायला वर्षं जाणार.

10 नोव्हेंबर 2025 ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला आणि तपासात चक्क डॉक्टरांची नावं निघाली. इतकी वर्षं टीव्हीवरचे विद्वान सांगत आले की गरिबी आहे, शिक्षण नाही म्हणून पोरं भरकटतात. आता सांगा, डॉक्टर झालेल्याला कसली गरिबी? मग आठवडाभरात 18 तारखेला नक्षली कमांडर हिडमा आंध्रात मारला गेला, मेमध्ये त्यांचा म्होरक्या बसवराजू गेला होताच. इतकी मोठी बातमी, चॅनलवाल्यांनी जेमतेम एक दिवस चालवली.

आणि नेपाळ. सप्टेंबरमध्ये तरुणांच्या आंदोलनात संसद जाळली, पंतप्रधान ओली गेले, ते बघून इकडच्या काही लोकांना फार उकळ्या फुटल्या होत्या की आता भारतातही जेन झी उठणार. बिहारमध्ये 14 नोव्हेंबरला पेट्या उघडल्या, 243 पैकी 202 एनडीएला. बसा आता.

पण इथेच माझं आपल्या लोकांशी वाजतं. जुलै 2022 मध्ये मोदीजींनीच रेवडी कल्चरवर भाषण केलं होतं, मी तेव्हा ते दहा ग्रुपवर टाकलं होतं. आणि बिहारमध्ये मतदानाच्या तोंडावर बायकांच्या खात्यात 10,000 रुपये, एमपीत लाडली बहना 1,250 वरून 1,500, महाराष्ट्रात लाडकी बहीण. केजरीवालनं दिलं की रेवडी आणि आपण दिलं की सशक्तीकरण? पुण्याची माझी मावसबहीण म्हणते अरे गरीब बाईच्या हातात पैसे आले तर तुझ्या पोटात का दुखतं. बाईच्या हातात पैसे आल्याचं नाही गं दुखत, तिजोरी तीच असते, तिकडे वाटलं की इकडे दुरुस्तीला कमी पडतं, हे दुखतं.

आता घरचं. 9 जुलै 2025 ला गंभीरा पूल पडला. सकाळच्या वेळी चालत्या गाड्या महीसागर नदीत गेल्या, 20 च्या आसपास माणसं गेली, एक टँकर तुटलेल्या कडेवर कित्येक दिवस लटकून होता, आपण सगळे त्याचे व्हिडिओ बघत होतो. पूल 1985 चा, म्हणजे चाळीस वर्षांचा. सयाजीरावांनी बांधलेलं आजवा धरण सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी शहराला पाणी पाजतंय! पूल पडल्यावर काय झालं, तर काही इंजिनियर सस्पेंड. 2022 ला मोरबीचा झुलता पूल पडला, 135 गेले. जानेवारी 2024 ला आपल्याच हरणी तलावात बोट उलटली, शाळेची लेकरं आणि त्यांच्या बाई मिळून 14. दरवेळी खालचाच कुणीतरी सस्पेंड होतो, कमिटी बसते आणि पुढचं कुणी विचारत नाही, विचारलं की लगेच तू काँग्रेसी झालास का. हरणी विमानतळाच्या बाजूला टाटा आणि एअरबस मिळून सैन्याची विमानं बनवणार, 40 विमानं इथे तयार होणार, मला प्रचंड अभिमान आहे. त्याच जिल्ह्यात नदीवरचा पूल सांभाळता येऊ नये? जुनं जपायचं म्हणतो ना आपण, मग त्यात देवळं येतात आणि पूल येत नाहीत असं थोडंच आहे.

महापालिकेची निवडणूक आली की आमच्या दांडिया बाजारात प्रचाराला जे कोणी येतील त्यांना मी चहा पाजणार, मत कुणाला देणार तेही लपवत नाही, सगळ्यांना माहितीये. पण शहरातल्या विश्वामित्री नदीवरच्या प्रत्येक पुलाचं इन्स्पेक्शन शेवटचं कधी झालं, रिपोर्टवर सही कुणाची आहे, हे लिहून आणा म्हणणार. आणि नाही आणलं तर दुसऱ्यांदा आल्यावर परत विचारणार.