स्लीप ३० आणि पोर्ट ५३ बद्दल

नमस्कार दादा, लाइट जाऊन आली की डीएनएसमास्क (नेटवर्कवर साइटच्या नावाचा आयपी पत्ता सांगणारा प्रोग्राम) का उठत नाही, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की डीएनएसमास्कची सर्व्हिस चालू होत नाही म्हणजे पोर्ट ५३ (नावं विचारायचा ठरलेला दरवाजा) दुसऱ्या कोणत्यातरी प्रोग्रामने अडवलाय, एवढं साधं असताना मी पाल्हाळ लावलं, आणि नाहीच जमलं तर सर्व्हिस फाइलमध्ये स्लीप ३० (म्हणजे तीस सेकंद थांब) टाकायचा, विषय संपला. वर हेही की, घाटावर बसून कोकणातल्या लाइटीच्या गोष्टी सांगू नका. अहो मी गुहागरचाच, आत्तापण लाइट नाहीये, मोबाइलवर टाइप करतोय.

पोर्टचं तुमचं उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) अगदी बरोबर. तिथे सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड हा नावं शोधणारा दुसरा प्रोग्राम १२७.०.०.५३ (मशीनचा स्वतःचाच आतला पत्ता) वर आधीच ठाण मांडून असतो. पण मग लॉगमध्ये 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं आणि हाताने स्टार्ट केलं तरी तेच रडगाणं. आमच्या होमस्टेच्या रास्पबेरी पायवर (हातात मावेल असा छोटा कॉम्प्युटर) येत होतं 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस', आणि पाच मिनिटांनी रिस्टार्ट मारला की गुपचूप चालू. म्हणजे कॉन्फिगचं स्पेलिंग वगैरे चुकलेलं नाही, वेळेचा घोळ. झावळी पडते वायरवर, लाइट जाते, आली की पाय आणि राउटर एकदमच उठतात, पाय अर्ध्या मिनिटात तयार आणि राउटर अजून दिवे मिचकावतोय, त्यामुळे पायला १९२.१६८.१.१० हा आयपीच मिळालेला नसतो आणि मी तर डीएनएसमास्कमध्ये बाइंड-इंटरफेसेस ही सेटिंग लावून नेमकं त्याच आयपीवर ऐकायला सांगितलेलं. नसलेल्या पत्त्यावर बसणार कुठे, सर्व्हिस मरते. सर्व्हिस फाइलमध्ये आफ्टर नेटवर्क टार्गेट (नेटवर्कनंतर चालू हो) असतं, पण त्याचा अर्थ आयपी आला असा होत नाही, त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट वेगळं आहे.

स्लीप ३० मीपण लावला होता हो. दोन आठवडे मजेत, मग एका रात्री राउटरने दोन मिनिटं घेतली आणि पाहुणे जेवता जेवता उठून 'नेट नाही' सांगायला आले. शेवटी बाइंड-इंटरफेसेस काढून बाइंड-डायनॅमिक टाकलं, एक ओळ. आता आयपी नसला तरी डीएनएसमास्क तग धरून राहतो, पत्ता आला की त्यावर ऐकायला लागतो. हे फक्त लिनक्सवर बरं का.

एक मात्र मान्य. रिझॉल्व्ह्ड बंद करा असं मी लिहिलं पण रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (नावं कोणाला विचारायची ते मशीनला सांगणारी फाइल) बदलायचं लिहिलंच नाही, ती फाइल १२७.०.०.५३ कडेच बोट दाखवत राहते, तिथे तर आता कोणीच नाही, मग मशीनला स्वतःलाच नावं सापडत नाहीत. तुमचा अर्धा दिवस त्यात गेला, सॉरी. लाइट आली की पोस्टमध्ये दुरुस्त करतो.