हार्नेसचा आराम फोममध्ये नसतो, आणि पुरात तो घालायचाच नसतो

सांगली-मिरजेतल्या पोहणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मालवण-तारकर्लीला स्कूबाचा कोर्स करून आलेली पोरं आता स्वतःचं सामान घ्यायच्या विचारात आहेत, आणि नेमका तो त्यांच्याच हातात पडतोय. मेसेजचं म्हणणं असं: हार्नेस, म्हणजे हवेची टाकी पाठीवर धरून ठेवणारे पट्टे, जाड फोमचा आणि भरपूर बकलांचा असेल तरच आरामदायक. एकसलग पट्ट्याचा साधा हार्नेस खांदे सोलतो, आणि एकदा मापाला कापला की बदलता येत नाही. दुकानात घालून घट्ट ओढा, बसला की घ्या. मांड्यांमधला पट्टा अवघडतो, काढून टाका. आणि कृष्णेला पूर आला तर हाच हार्नेस बचावकामाला चालतो.

शेवटचा सल्ला जीव घेईल. त्याच्याकडे येतोच, पण फोमपासून सुरुवात करू, कारण पैसे आधी तिथं जातात.

नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी रिकामी असताना साधारण १४ किलो भरते, आत दाबलेली हवा आणखी अडीच किलोच्या वर. हा सगळा भार खांद्यावर येतो तो बोटीवर उभं असताना. पाण्यात उतरलात की तीच भरलेली टाकी किलोभरसुद्धा जड राहत नाही, आणि हवा संपत आली की उलट वर ओढायला लागते. म्हणजे ज्या खांद्यांसाठी जाड फोमचे पैसे मोजायचे, त्यांच्यावर पाण्याखाली भारच नाही. फोम मात्र तरंगतो. त्याला बुडवायला कमरेला शिसं वाढवावं लागतं, आणि ते शिसं बोटीवर पुन्हा तुम्हीच उचलता. शिवाय तो पाणी पिऊन बसतो आणि लवकर वाळत नाही.

खांदे सोलतात ही तक्रार खोटी नाही. पण ते पट्टा साधा असल्यामुळे नाही, आखूड ठेवल्यामुळे. नवीन माणसाला वाटतं, टाकी हलू नये म्हणून खांद्याचे पट्टे आवळायचे. टाकी धरून ठेवायचं काम कमरेच्या आणि मांड्यांमधल्या पट्ट्याचं आहे. खांद्याचा पट्टा इतका सैल हवा की तुम्ही जो सूट घालणार तो घालून उभं राहिल्यावर गळपट्टीच्या हाडाखाली त्यातून पंजा सहज सरकला पाहिजे. मग हात मागं नेऊन टाकीच्या व्हॉल्वपर्यंत बोटं पोचतात का बघा. नाही पोचली, तर पट्टा अजून सोडा. आणि हार्नेस अंगातून काढून बघा: कमरेचं बकल उघडलं, डावा खांदा खाली टाकला, कोपर पट्ट्यातून बाहेर आलं पाहिजे. झटापट करावी लागली तर माप चुकलंय. दुकानदाराला हे बघायला पाच मिनिटं लागतात, आणि बहुतेक दुकानांत कुणी बघत नाही.

‘बदलता येत नाही’ हे तर सपशेल चूक. फ्लॉरिडाच्या गुहांमध्ये डाइव्ह करणारे विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावानं ओळखला जाणारा हा हार्नेस म्हणजे पाठीवर धातूची प्लेट, तिच्या खाचांतून ओवलेला एकच दोन इंची पट्टा आणि कमरेला एक बकल. मुख्य पट्ट्यात कुठं शिवण नाही, म्हणून उसवायचं काही नाही. जाड सूट घातला तर पट्टा खाचांतून थोडा सरकवायचा, पातळ घातला तर परत ओढायचा. भावाला द्यायचा असेल तर त्याच्या मापाला लावायचा. चुकून आखूड कापलाच, तर नुसता पट्टा नवा आणायचा, प्लेट तीच. फक्त घाई करू नका. पहिले काही डाइव्ह होईपर्यंत जादा टोक कमरेला खोचून ठेवा, मग कापा आणि कापलेली कड लायटरनं वितळवा. स्टीलची प्लेट अडीच-तीन किलोची असते, तेवढं शिसं कमरेवरून उतरतं. बुटक्या बांध्याच्या माणसानं मात्र प्लेटची लांबी बघावी. खालची कड माकडहाडाला टोचत असेल तर पट्ट्यांनी ते सुटत नाही.

खांद्यावर बकल असलेले हार्नेस वाईट आहेत असं नाही. खांदा दुखावलेल्या माणसाला, किंवा दिवसभर वेगवेगळ्या पाहुण्यांना पाण्यात नेणाऱ्या तारकर्लीच्या सेंटरला ते सोयीचेच. पण प्लॅस्टिकच्या बकलावर बोटीत कुणाचा पाय पडला की ते तडकतं, एवढं लक्षात ठेवून घ्या.

दुकानात घट्ट ओढून बघणं निरुपयोगी. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, सूटमधलं निओप्रीन, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेलं रबर, दबून पातळ होतं आणि वर घट्ट वाटणारा कमरेचा पट्टा खाली सैल पडतो. माप तलावात, सूट घालून ठरतं. आणि मांड्यांमधला पट्टा काढला तर पाठीवरच्या फुगणाऱ्या पिशवीत हवा भरताच सगळं सामान वर सरकून हनुवटीला लागतं. अवघडत असेल तर ताठ उभं राहून थोडा सोडा, काढू नका.

आता पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हापासून आपल्याकडे पुराच्या वेळी कुणीतरी मदतीला उतरायला तयार असतंच. ती तयारी मोलाची आहे, म्हणूनच तिच्या हातात चुकीचं सामान देऊ नका. स्कूबा हार्नेसच्या डी-रिंगला, म्हणजे पट्ट्यावरच्या कडीला, हुकानं दोर अडकवून वाहत्या पाण्यात उतरलात आणि प्रवाहानं झाडाशी दाबून धरलं, तर ताणाखालचा तो हूक सुटत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. हातांनी दोर मागं ओढून हूक काढणं माणसाच्या आवाक्यातलं राहत नाही. पाठीवर फुगणारी हवा बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही, ती त्याला पालथंही पाडते. वाहत्या पाण्यातल्या बचावाचं जॅकेट वेगळं असतं: ते स्वतःच तरंगवतं, आणि त्याच्या छातीवरचा गोळा ओढला की दोराचा पट्टा ताणाखालीसुद्धा निसटतो. तेही प्रशिक्षण घेतलेल्यानंच घालायचं. ज्यांच्याकडे ही दोन्ही नाहीत त्यांनी काठावरून दोर टाकावा, आणि स्कूबाचा हार्नेस कुणी मागितला तरी देऊ नये.