नव्या फिशटँकच्या 'त्या' मेसेजमधलं काय चुकीचं आहे

"नवीन टँकमध्ये मासे मरतात कारण पाणी घाण होतं. दर आठ दिवसांनी सगळं पाणी काढा, खडे आणि फिल्टर नळाखाली चोळून धुवा, बोअरचं ताजं पाणी भरा, त्यात क्लोरीन नसतं. पाणी गढूळ वाटलं तर तुरटी फिरवा. जमलं तर आरओचंच पाणी वापरा. पांढरे ठिपके दिसले की मूठभर मीठ, निळं औषध आणि टेट्रासायक्लिनची एक कॅप्सूल. उन्हाळ्यात बर्फ टाकत जा."

हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. टँक आणल्यावर चार-सहा दिवसांत मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला की लोक हाच उघडतात, आणि तो जितका मनापासून पाळतात तितके मासे लवकर जातात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर. हिशेबासाठी टँक 2 बाय 1 बाय 1 फुटाचा धरला आहे. तो मापाने 56 लिटरचा भरतो, पण खडे आणि वरची रिकामी जागा सोडून पाणी साधारण 45 लिटरच राहतं. मीठ असो की औषध, मोजायचं ते या 45 लिटरवर.

"मासे मरतात कारण पाणी घाण होतं"

नव्या टँकमधलं मारणारं पाणी बहुतेक वेळा काचेसारखं स्वच्छ दिसतं. मारतो तो अमोनिया, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत सोडत असतो, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणूंचा थर असतो. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. नव्या टँकमध्ये हा थरच नसतो आणि तो बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या भागात, म्हणजे विदर्भात, यात आणखी एक गोष्ट मिसळते. अमोनियाचा विषारी भाग किती, हे पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) आणि तापमानावर ठरतं. 25 अंशाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या वर. पीएच 8 आणि पाणी 32 अंशांवर असेल तर आठ टक्क्यांच्या वर. विदर्भातलं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं आणि एप्रिल-मेमध्ये खोलीतला टँक सहज 32 च्या पुढे जातो. त्यामुळे पाणी तपासायच्या किटवर तेवढाच आकडा दिसला तरी इथे तो थंड, मऊ पाण्याच्या गावापेक्षा कितीतरी जास्त घातक असतो. विषारी अमोनिया लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर गेला की कल्ल्यांना इजा सुरू होते.

"सगळं पाणी काढा, फिल्टर चोळून धुवा"

मेसेजमधला सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर आणि खड्यांवर चिकटलेले असतात. नळाखाली चोळलं की थर निघून जातो, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेसुरले मारतं. दर आठ दिवसांनी हे केलं तर टँक कायम पहिल्याच आठवड्यात राहतो. त्यात मासा एका दमात वेगळ्या पीएचच्या, वेगळ्या क्षाराच्या पाण्यात पडतो तो भाग वेगळाच.

करायचं असं: आठवड्यातून एकदा 25 ते 30 टक्के पाणी, म्हणजे 45 लिटरमध्ये 12-13 लिटर. सायफनची नळी खड्यांत खुपसून तळाची घाण ओढायची. त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोन-तीनदा पिळायचा, बस. ज्या दिवशी स्पंज पिळला त्या दिवशी खड्यांना हात लावायचा नाही. स्पंज तपकिरी दिसतो म्हणून नवा आणू नका. तो तपकिरी थर म्हणजेच तुमचा फिल्टर.

टँक अजून रिकामा असेल तर मासे आणण्याआधीच जिवाणू बसवता येतात. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला शुद्ध असेलच असं नाही, म्हणून शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला माल देणाऱ्या दुकानातला घ्यावा. 10 ग्रॅम 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं 30 मिली टँकमध्ये टाकलं की अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास येतो. फिल्टर आणि एअर पंप चालू ठेवायचे, दोन दिवसांआड मोजायचं, शून्याकडे आला की पुन्हा 30 मिली. टाकलेला डोस चोवीस तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की निम्मं पाणी बदलून मासे सोडा, तेही तीन-चारच. कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम बरंच लवकर होतं. तो ओलाच आणायचा, वाटेत सुकू द्यायचा नाही.

मासे आधीच आणले असतील तर मोजत राहणं हाच उपाय. अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या वर दिसला की त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला. खाद्य दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल इतकंच. नायट्राइट चढलं असेल तर लिटरला 1 ग्रॅम मीठ, म्हणजे 45 ग्रॅम, विरघळवून टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. नायट्राइटने मरणाऱ्या माशाचे कल्ले लाल न दिसता तपकिरी दिसतात, झाकण जरा उचललं की कळतं.

"बोअरचं पाणी भरा, त्यात क्लोरीन नसतं"

शेतातल्या किंवा घरच्या बोअरबद्दल हे बरोबर आहे. पण ग्रामपंचायतीच्या टाकीतून येणारं पाणी बोअरचं असलं तरी त्यात टीसीएल (ब्लिचिंग) पावडर, म्हणजे क्लोरीन, पडलेली असते, आणि ती रोज सारख्याच मापाने पडते असं नाही. पाणी ज्या दिवशी आलं त्या दिवशी ते टँकमध्ये जाऊ नये. रुंद तोंडाच्या टबात एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून 24 तास ठेवा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट: 10 ग्रॅम 100 मिली पाण्यात, त्यातलं 1 मिली दर 10 लिटरला. जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायचं किट असतं, पिवळा रंग उमटतो का ते त्याच्याकडून बघून घेता येतं.

घरच्या बोअरचं पाणीही ताजं ओतू नये. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. ते हवेत फेसाळलं की पीएच चढतो, म्हणून पीएच मोजायचा तो टबात ठेवल्यानंतर. शिवाय खताच्या शेताजवळच्या बोअरमध्ये नायट्रेट आधीच असू शकतं. टँक भरण्याआधी एकदा नुसतं बोअरचं पाणी तपासा. ते स्वतःच लिटरला 40-50 मिलिग्रॅम दाखवत असेल तर पाणी बदलून नायट्रेट उतरणार कसं? अकोला-अमरावती-बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात प्रश्न क्षारांचा आहे. तिथे टेट्रा, एंजल या मऊ पाण्यातल्या माशांच्या नादी लागू नये. गप्पी आणि मॉली जड पाण्यात खूश असतात.

"तुरटी फिरवा"

पाचव्या-सहाव्या दिवशी नवा टँक दुधाळ होतो, तो मातीने नाही. पाण्यात मोकळे वाढलेले जिवाणू असतात ते. खाद्य कमी केलं की आठवड्याभरात आपोआप निवळतं. तुरटी पाण्याचा पीएच धरून ठेवणारे क्षार खाते आणि मागे अॅल्युमिनियम सोडते. पावसाळ्यातलं गढूळ पाणी पिण्यासाठी निवळायला ती ठीक, माशांच्या पाण्यात नको.

"आरओचंच पाणी वापरा"

निव्वळ आरओत पीएच सांभाळणारे क्षार जवळपास नसतात. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, ते शोषायला काही उरत नाही, पीएच घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. अमोनिया साठतो, पण पीएच 6.5 असल्यामुळे तो बिनविषारी रूपात असतो आणि मासे वरून ठीक दिसतात. मग एखाद्या दिवशी प्लँट बंद म्हणून जार मिळत नाही आणि बोअरचं पीएच 8 चं पाणी भरलं जातं. साठलेल्या अमोनियाचा विषारी भाग सुमारे तीसपट होतो आणि रात्रीतून टँक रिकामा होतो. दोष बोअरला दिला जातो. आरओ वापरायचंच तर बोअरमध्ये निम्मं मिसळून, आणि दर वेळी त्याच प्रमाणात.

"मूठभर मीठ, निळं औषध आणि कॅप्सूल"

आधी ठिपके कसले ते बघा. मिठाच्या कणांसारखे, अंगावर आणि परांवर विखुरलेले असतील तर तो व्हाइट स्पॉट. कापसासारखा पुंजका असेल तर दुसरा आजार. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावरच ओळीने बारीक पांढरे दाणे असतील तर आजारच नाही, ती विणीच्या काळाची खूण आहे.

व्हाइट स्पॉटचा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोहोचत नाही. पिकला की तो गळून तळाशी बसतो, एकाचे शेकडो होतात, आणि ते पिल्लू एक-दोन दिवस पाण्यात मासा शोधत फिरतं. औषध लागतं ते तेव्हाच. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी उपचार थांबवणाऱ्यांकडे आठवड्याने दुप्पट ठिपके येतात ते यामुळे.

मीठ मुठीने नाही, काट्यावर मोजून: लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 90 ग्रॅम. 30-30 ग्रॅमचे तीन भाग बारा-बारा तासांनी, टँकच्याच पाण्यात विरघळवून. खवले नसलेले मासे किंवा झाडं असतील तर निम्मं. गोल्डफिश सोडून बाकी माशांसाठी हीटरने तासाला एक अंश याप्रमाणे 30 अंशांवर न्या आणि हवा वाढवा. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी पाच दिवस, एकूण किमान दहा-बारा दिवस. मीठ उडून जात नाही, म्हणून बदललेल्या पाण्यापुरतंच नव्याने घाला. आपल्याकडे हा आजार डिसेंबर-जानेवारीत जास्त उसळतो, रात्रीचं पाणी एकदम गार पडतं म्हणून. या टँकला 75 वॉटचा हीटर पुरतो.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते फिल्टरचे जिवाणू मारतं, म्हणून वापरायचं तर वेगळ्या टबात. टेट्रासायक्लिन जिवाणूंवरचं औषध आहे, व्हाइट स्पॉट जिवाणूंचा नाहीच. आणि जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून त्याचा जोर तसाही निघून जातो. घरात उरलेली अँटिबायोटिक कॅप्सूल टँकमध्ये फोडू नका, ही कळकळीची विनंती.

"उन्हाळ्यात बर्फ टाका"

बर्फाने पाणी तासाभरात चार-पाच अंश उतरतं आणि पुन्हा चढतं. हा हेलकावाच माशाला आजारी पाडतो. गरम पाण्यात खरी टंचाई प्राणवायूची असते: 25 अंशाला लिटरमध्ये सुमारे 8.3 मिलिग्रॅम मावतो, 35 ला 7 च्या आसपास. झाकण काढून जाळी लावा, पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडा, दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओने करा, इथे तेच योग्य.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी

लाइट गेली की फिल्टरमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. तीन-चार तासांच्या वर गेली असेल तर बंद डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नका, आतलं साठलेलं पाणी फेकून स्पंज टँकच्या पाण्यात पिळून मग लावा. पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही गावासाठी सगळ्यात भरवशाची जोडी.

दुसरी गोष्ट फवारणी. पऱ्हाटीवर (कपाशीवर) मारतात त्यातली पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅममध्येही मारतात. फवारणीची बादली कितीही धुतली तरी टँकसाठी वापरू नका, टँकची बादली आणि पाणी घ्यायचा मग वेगळे ठेवून त्यांवर खूण करा. फवारून आलेल्या माणसाने त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नये. खोलीत डासांचा स्प्रे मारायचा असेल तर आधी एअर पंप बंद करून टँक झाका आणि खोली मोकळी झाल्यावरच पंप सुरू करा, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.