मालक नंबर १००१

काटोलची बाग माझी, सातबारा माझ्या नावावर, संत्र्याच्या मृग बहाराचा हिशेबही मीच मांडलेला. पण परवा नागपुरात कूलरसमोर बसून त्यात व्यापाऱ्याची उधारी चढवायला गेलो, तर कॉम्प्युटर म्हणाला, ही फाईल फक्त वाचता येईल.

खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोराला बोलावलं. त्यानं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाईप करायची खिडकी, उघडून फाईलची कुंडली काढली. मालक वाचेल आणि लिहील, गट नुसता वाचेल, बाकीची जनताही नुसती वाचेल. मालकाच्या जागी नाव होतं रूट. मी जनतेत!

"काका, ७७७ मारा ना, विषयच संपते."

७७७ म्हणजे आल्यागेल्याला सगळी मोकळीक. लिनक्सचं, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या कार्यप्रणालीचं, काहीही अडलं की हाच उपाय सांगणारे पैशाला पासरी. पण तो मारायलाही मालक लागतो, नाहीतर रूट. मग पोरानं आधी सुडो, म्हणजे रूटच्या अधिकारात काम करून देणारी आज्ञा, लावून पाहिलं. उत्तर आलं: तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही, हा प्रकार वर कळवला जाईल. पोराला एकदम अभ्यास आठवला. जाता जाता 'सुडो गटात नाव चढवून घ्या' म्हणत आज्ञा तेवढी कागदावर खरडून गेलं.

पुण्याला भाच्याला फोन लावला. उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, त्यानंच बसवलेलं. पहिलं खातं स्वतःचं काढलं, नंबर १०००; सुडोचा हक्क त्यालाच. मग माझं, १००१. हिशेबाची फाईल सुडो लावून कॉपी केली, म्हणून ती रूटच्या नावावर चढली. हा रूट म्हणजे नंबर ०, सर्वाधिकारी. पण उबुंटूत त्याचा पासवर्डच बंद ठेवलेला असतो, त्याच्या नावानं लॉगिन होत नाही. कामं मात्र त्याच्याच अधिकारात चालतात. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीतून निवृत्त झालोय. साहेबांची खुर्ची रिकामी आणि सह्या चालू, हे मला लगेच समजलं.

"पण ते वर कळवते म्हणते ना रे!"

"घाबरून काऊन राहिले मामा? तुमच्याच मशीनच्या लॉगमध्ये, नोंदवहीत, लिहिते ते."

"वाचते कोण?"

"मीच. पण वाचतो कुठं!"

शेवटी त्यानं मला आपल्या खात्यात शिरायला फोनवर आपला पासवर्ड सांगितला. टाईप करताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. तो ओरडतोय "एम, एम, कॅपिटल!", मी विचारतोय "एन का?", आणि आतून ही विचारतेय, कोणावर खेकसताय? एकदाची फाईल माझ्या नावावर झाली.

उबुंटूत एकदा सुडोला पासवर्ड दिला की पंधरा मिनिटं तो पुन्हा मागत नाही. भाच्यानं फोन ठेवला. मी पोराचा कागद काढला आणि स्वतःचं नाव सुडो गटात चढवलं. लॉगमध्ये नोंद पडली असेलच.